समुद्र शेवटी येतो, सर

सर, तुमच्या विद्यार्थ्यांनी तुमच्यावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय आणि माझ्याकडंही लेख मागितलाय. "परशरामभाऊ, चार चांगले शब्द लिहा," असा फोन आला. मी विचारलं, चारच का? चांगले शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही किती साधे होता, शहापुरातल्या विणकराच्या घरात जन्मून भूशास्त्राचे प्राध्यापक कसे झालात, सायकलवरून कॉलेजला कसे जायचा, ते सगळं तेच लिहितील. मी बोअरची गाडी चालवणारा माणूस. माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात. सौदा चालू असताना मधेच उठून जाणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

मी शाळा सोडून दुसऱ्याच्या गाडीवर रॉड उचलायला लागलो. आज कंग्राळीत माझ्या स्वतःच्या दोन गाड्या उभ्या असतात. कुणाच्या शिफारशीवर किंवा बापाच्या जमिनीवर हे झालेलं नाही. त्यामुळं मला शिकलेल्या लोकांचा धाक कधी वाटला नाही, राग मात्र येतो. आमच्याकडं बोअर मारण्याआधी शेतकऱ्याला पॉइंट, म्हणजे पाण्याची जागा, दाखवणारा लागतो. तळहातावर आडवा नारळ ठेवून हे लोक शेतभर फिरतात. नारळ उभा राहिला की तिथं खुंटी ठोकायची. असा एक माणूस आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून सांबऱ्याच्या एका शेतकऱ्यानं तुम्हाला आणलं. तुम्ही नारळ आणला नाही, हातोडी आणली. बांधावरचा दगड फोडून भिंगातून बघितला आणि जमलेल्या लोकांना सांगायला लागलात की, ही आपली जमीन एके काळी मादागास्करला चिकटून होती. त्या शेतकऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "परशराम, ह्यो मानूस पानी दाखवाय आलाय का जमिनीचा उतारा वाचाय आलाय?"

तरी पाणी लागलं. तुम्ही सांगितलेल्या जागी लागलं. तुम्ही पैसे घेतले नाहीत, शेंगदाणे खाल्ले आणि सायकलवर बसून गेलात. ते मला जास्त झोंबलं. पैसे मागणाऱ्याशी मला बोलता येतं. तो दहा म्हणतो, मी पाच म्हणतो, मग आमची ओळख होते. तुम्ही फुकट सांगायचा. फुकट सांगणाऱ्याशी घासाघीस कशी करायची? पुढं किती वर्षं तुम्ही माझ्या जीपमध्ये बसून माझ्याबरोबर खानापूर, निपाणी फिरलात, पण त्या सगळ्या वर्षांत मला तुमच्याशी बरोबरीनं बोलता आलं नाही. त्याचं कारण हेच.

आणि तुमची ती बडबड! एकदा कणकुंबीकडं काम होतं. तुम्ही घाटाच्या कडेला जीप थांबवायला लावली. मला वाटलं लघवीला असेल. तुम्ही मात्र खाली कोकणाकडं हात करून उभे.

"परश्या, ही मलप्रभा हितंच उगवती. समुद्र हाकेच्या अंतरावर. तरी ती पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला निघालीय. का?"

"तिलाच इचारा की."

"जमीन फाटताना ही कड वर उचलली गेली रं. सगळी जमीन पूर्वेला कलली. नदी काय करणार? उताराला लागली."

"कवा फाटली?"

"झाली की कोट्यवधी वर्षं."

"मग आता कशाला काळजी? चला, डिझेल जळालंय."

तुम्ही जीपमध्ये बसलात, पण गप्प बसला नाहीत. खंड असा एका दिवसात तुटत नाही म्हणालात. आधी तो ताणला जातो. ताणून पातळ होतो. खालून तापलेला दगड वर फुगतो आणि जमिनीला भेगा पडतात, बहुतेक वेळा तीन दिशांना तीन. दोन भेगा रुंद होत जातात, तिसरी अर्ध्यात सोडून देते. भेगांतून वितळलेला दगड वर चढतो. काही ठिकाणी तो वर येऊन पसरतो, काही ठिकाणी वर येण्याआधीच थिजतो आणि जमिनीच्या पोटात काळ्या दगडाची उभी भिंत होऊन राहतो. मधली जमीन खचते, तिथं तळी होतात. आफ्रिकेच्या पूर्वेला हे आजही चालू आहे म्हणालात, आपल्या डोळ्यांदेखत, फक्त आपल्याला तेवढं आयुष्य नाही.

"लोकांना वाटतं समुद्रानं जमीन तोडली," तुम्ही म्हणालात. "समुद्र शेवटी येतो. भांडण आधीच झालेलं असतंय. तो नुसता आत येऊन बसतो."

"ती तिसरी भेग अर्ध्यात सोडती म्हणालासा. म्हणजे तुमच्या जमिनीचापन बोअर फेल जातो म्हना की."

तुम्ही मोठ्यानं हसलात. "पहिल्यांदा बरोबर बोललास," म्हणालात. सर, एवढ्या वर्षांत तुम्ही केलेलं माझं कौतुक तेवढंच. मी सगळं मोजून ठेवतो, त्यामुळं मला नक्की माहीत आहे.

तुमच्या घरी आलो की तोच विषय. पुढच्या सोप्यात तुमच्या भावाचा यंत्रमाग धडधडत असायचा आणि आपण मागं ओरडून बोलायचो. एकदा खंड कसा ताणतो ते दाखवायला तुम्ही कापडाचा तुकडा काढलात. एक टोक माझ्या हातात दिलंत. "ओढ." मी ओढलं आणि ते टर्रकन फाटलं. तुम्ही चिडलात. "एवढ्या जोरात न्हवं! तुला कायच हळू करता येत न्हाय का?" मग दुसरा तुकडा घेतलात. तो हळूहळू ताणला. वीण सैल झाली, धाग्यांमधून उजेड दिसायला लागला. मग एक धागा गेला, थोड्या वेळानं त्याच्या शेजारचा. तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, जणू तुम्ही स्वतःच मादागास्करला निरोप देत होता. तेवढ्यात तुमचा भाऊ मागावरून ओरडला, "अण्णा, व्यापाऱ्याला दाखवायचा नमुना हाय त्यो!"

विणकराच्या घरात कापड फाडून दाखवणारा माणूस. मला तेव्हाच कळायला हवं होतं की, तुम्हाला तुमच्या मोठ्या गोष्टीपुढं दुसऱ्याचं रोजचं काम दिसत नाही.

आता रुक्माक्काच्या शेताचं बोलू. ज्यांनी ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली आहे त्यांनीही परत वाचावी, कारण मी ती आजपर्यंत अर्धीच सांगत आलो.

रुक्माक्काचं शेत खानापूरच्या पुढं, जंगलाला लागून. भाताची जमीन. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ओढलेली. पिण्याचं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. उन्हाळ्यात पाणी लागलं तर भातानंतर भाजी काढता येईल, एवढाच तिचा हिशेब. शेताच्या मधोमध काळ्या दगडांची एक सरळ ओळ गेलेली. तिथं काही उगवत नाही. ती ओळ बघून तुम्ही लहान मुलासारखे धावलात. म्हणे ही तीच भिंत, खंड फाटताना भेगेत थिजलेली. आणि मग सगळ्या वाडीसमोर सांगितलंत, "डोंगराकडून जमिनीखालनं येणारं पाणी ही भिंत अडवती. वरच्या अंगाला मारा. खालच्या अंगाला भिंतीच्या फटीत साठलेलं तेवढं लागंल. खपलं की संपलं."

वरच्या अंगाला माझी गाडी जात नव्हती. शेजाऱ्याचा बांध फोडावा लागला असता, त्याच्या पाया पडावं लागलं असतं, अख्खा दिवस गेला असता. खालच्या अंगाला रस्ता होता. मी म्हणालो, "सर, पुस्तकात गाडी वळवावी लागत न्हाय." लोक हसले. मी खाली मारलं.

आणि पाणी लागलं. साधं नाही. गाडीच्या मनोऱ्याच्या वर उडालं. वाडीतली माणसं भिजत नाचायला लागली. रुक्माक्का रडायला लागली. तुम्ही एका बाजूला उभे, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी चिखल, रुमालानं चष्मा पुसत होता आणि तो आणखीच माखत होता. मी ओरडलो, "सर, मादागास्करचं पानी लागलं बघा!" त्या दिवशी लोक तुम्हाला जेवढे हसले तेवढे कुणाला हसलेलं मी बघितलं नाही.

त्या उडालेल्या पाण्याचा फोटो मी माझ्या कॅलेंडरवर छापला. दरवर्षी तोच. दरवर्षी पहिली प्रत तुमच्या घरी स्वतः नेऊन दिली. आणि दरवर्षी म्हणालो, "सर, चुकलो म्हना. एक शब्द." तुम्ही कॅलेंडर घेऊन खुर्चीच्या वर खिळ्याला लावायचा आणि म्हणायचा, "बघू." नऊ वर्षं 'बघू'. नातवाच्या बारशाला आलात तेव्हा म्हणालो, कॉलेजच्या कार्यक्रमात तुमच्या पोरांसमोर म्हणालो. शेवटी दवाखान्यात, नाकाला नळी होती तरी म्हणालो. मला लाज वाटली नाही. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "तुला काय सांगायचं हाय ते तू आधी सांग." मला वाटलं तुम्हाला भ्रम झालाय.

आता उरलेलं अर्धं. तो बोअर दुसऱ्या उन्हाळ्यात आटला. शिमगा झाला आणि मोटार कोरडी फिरायला लागली. रुक्माक्कानं फोन केला, मी गेलो, नळीला कान लावला आणि म्हणालो, "आक्का, बोअर झोपलाय. मिरगाला उठंल." पावसात थोडं पाणी भरलं, जेव्हा कुणाला नको असतं तेव्हा. पुढच्या शिमग्याला परत कोरडा. मी गाडीवरच्या माणसांना ताकीद दिली, शहापुरात कुणी तोंड उघडायचं नाही. आक्कालाही म्हणालो की घाई करू नकोस, दुसरीकडं मारलास तर आहे ती पाण्याची झीर तुटेल. हे खोटं होतं. दुसरा बोअर झाला असता तर पहिला फेल गेला हे सगळ्यांना कळलं असतं. माझ्या कॅलेंडरवर पाणी उडतच होतं.

हे छापून येऊ दे. तो पॉइंट चुकला होता, गाडी वळवायच्या आळसानं चुकला होता आणि भिंतीबद्दल सर बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं. झालं समाधान? पण थांबा, माझं बोलणं संपलेलं नाही.

तुमच्या रक्षाविसर्जनाला रुक्माक्का आली. पहिल्या बसनं, पिशवीत घरचे तांदूळ घेऊन. पुढच्या सोप्यात माणसं बसली होती, माग बंद होता. कॅलेंडर खुर्चीच्या वर खिळ्यालाच. ती त्याच्याकडं बघत बसली आणि मग सगळ्यांसमोर म्हणाली, "सर दरसाल यायचं. शिमगा झाला की. दोरीला खडा बांधून बोअरात सोडायचं आनि कान देऊन ऐकायचं. पान्याचा आवाज कवाच आला न्हाय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "सर यायचं? तुझ्या शेताला?"

"व्हय. म्हनायचं, परश्याला सांगू नको मी आलतो म्हनून. मी म्हनलं, सर, तुमीच सांगा की त्याला. तर म्हनायचं, त्यो आपनहून सांगंल. थांब थोडं."

थांब थोडं!

सर, तुम्हाला नऊ वर्षं माहीत होतं. मी तुमच्या दारात येऊन छाती काढून बोलायचो आणि तुम्ही तो कागद खिळ्याला लावायचा, त्यावरचं पाणी खोटं आहे हे माहीत असून. लोक म्हणतील काय मोठं मन. मी नाही म्हणणार. तुम्ही माझ्या तोंडावर एकदा फेकायला हवं होतं. चारचौघांत, मी फेकलं तसं. मी चिडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, महिनाभर तोंड दाखवलं नसतं, आणि मग त्या बाईच्या शेतात वरच्या अंगाला गाडी नेली असती, निव्वळ तुमचं तोंड बंद करायला. एवढं तरी तुम्ही मला ओळखायला हवं होतं. पण तुम्हाला मला सुधारायचं होतं. मी आपणहून यावं, कबूल करावं, मोठा व्हावं. त्यासाठी तुम्ही थांबलात. कोट्यवधी वर्षं मोजणाऱ्या माणसाला नऊ वर्षं म्हणजे काय? जमिनीला वेळ आहे. खंड आज फाटला काय, आणखी लाख वर्षांनी फाटला काय. रुक्माक्काच्या मानेला तेवढा वेळ नव्हता. ती रोज दोन खेपा घालत होती आणि तुम्ही माझ्या मनाला पाझर फुटायची वाट बघत बसला होता. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी चोर होतो, मान्य. चोरी बघून दरवर्षी दोरी घेऊन मोजायला येणारा आणि गप्प परत जाणारा माणूस कोण असतो, हे तुमच्या विद्यार्थ्यांनी त्या पुस्तकात लिहावं.

एक गोष्ट सांगतो, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. लोक म्हणतात परशरामला दगड कळतो, त्याला देणगी आहे. देणगी बिणगी काही नाही. दर रॉडला निघणाऱ्या भुकटीचे ढीग ओळीनं लावायचे, चिमूट ओली करून चोळायची, रंग बदलला की थांबायचं, हे सगळं तुम्ही शिकवलंत. शिकवताना मला मूर्ख म्हणालात, तरी शिकवलंत. माझं पोट त्यावर चालतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण सांगितलं असतं तर सौद्यात माझी बाजू हलकी झाली असती.

तुमच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो. शेजाऱ्याच्या दारात उभा राहिलो. बांध फोडायला त्यानं जे मागितलं ते पहिल्याच बोलीला कबूल केलं. गाडीवरची माणसं माझ्याकडं बघत राहिली. वरच्या अंगाला, ओळीपासून पंधरा पावलांवर रुक्माक्कानं एक लाकडी खुंटी दाखवली. तुम्ही ठोकलेली. पावसानं सडली की ती दरवर्षी नवी ठोकायची, म्हणे.

आधी तांबडी भुकटी आली, मग पिवळी. मग राखाडी, कोरडी, खूप वेळ कोरडी. माझ्या मनात आलं, हा फेल गेला तर बरं होईल. खोटं कशाला बोलू, आलं तसं मनात. मग भुकटी दमट झाली, तिचा चिखल झाला, आणि पाणी आलं. उडालं नाही. नळीच्या तोंडातून सरळ बाहेर पडून चरातून वाहायला लागलं. दोन इंची धार असेल, थोडी जास्तच. संध्याकाळपर्यंत तसंच चालू राहिलं, कमी झालं नाही. कुणी नाचलं नाही. फोटो काढला नाही.

रुक्माक्का हाताची घडी घालून उभी होती. मी म्हणालो, "आक्का, लागलं."

"दिसतंय मला. आंधळी न्हाय मी." ती पुढं आली, पाण्यात हात घातला, तोंडावर मारून घेतलं आणि मग सुरू झाली. "नऊ उन्हाळं! नऊ! त्यानं म्हनायचं परश्या सांगंल, तू म्हनायचं बोअर उठंल. एक शिकलेला, एक गाडीवाला. दोघं दोन अंगाला फुगून बसलासा आनि मी मधी घागर घेऊन हेलपाटं घालाय. बायकांनी केलं असतं का असलं? भांडून मोकळ्या झाल्या असत्या. लाज न्हाय रं तुमाला दोघांना!" आणखी बरंच बोलली. ते छापण्यासारखं नाही. गाडीवरच्या माणसांनी इंजिन बंद केलं होतं, त्यामुळं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी खाली मान घालून उभा राहिलो. माझ्या वाट्याच्या शिव्या संपल्या तरी ती थांबली नाही. तुमच्या वाट्याच्याही तिनं माझ्यासमोरच घातल्या, एकेक करून, तुमचं नाव घेऊन. त्या मी घेणार नव्हतो, सर. दुसरं कुणी नव्हतं तिथं, म्हणून घेतल्या.